उजवा हात

“बघ ना आई, बाबा किती रुबाबदार दिसतायत!” लेकीने मला भिंतीसमोर आणून उभं केलं.

भिंत बंदरावरच्या जुन्या मासळी बाजाराची. आता तिथे मासळी औषधालाही सापडत नाही. गाळ्यांमध्ये चित्रांची दालनं आणि कॉफीची दुकानं थाटली आहेत, आणि बाहेरच्या भिंतीवर बाजारातल्या जुन्या माणसांची दोन मजली चित्रं. त्यांतच आमचे हे, बर्फवाले. वाकून, हसत हसत बर्फाची लादी उचलतायत, दोन धडधाकट हातांनी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांचा उजवा हात ह्याच बाजारात गेला. बर्फ फोडायच्या यंत्राने मनगटापासून खाल्ला. बाजाराचे साहेब म्हणाले, चूक त्याचीच. तेच यंत्र आता घासूनपुसून दारात मांडलंय आणि त्यात फुलझाडं लावली आहेत. लाज कशी वाटत नाही यांना?

रंगाने माखलेली एक मुलगी शिडीवरून उतरली. चित्र तिनेच काढलेलं.

“मावशी, आवडलं का?”

“हा हात कुठून आणलास?”

ती गडबडली. माझ्या लेकीकडे बघून म्हणाली, “ताई, तुम्हीच सांगितलंत ना, दोन्ही हात दाखवा म्हणून?”

लेकीने आधी मान खाली घातली, मग माझ्यावरच चिडली. “अगं, इथे सगळं जग फोटो काढायला येतं. चारचौघांत थोटा बाप कशाला दाखवायचा?”

थोटा! उरलेल्या एका हाताने, रिबीन दातांत धरून, त्यांनी हिच्या वेण्या घातल्या. तेव्हा शाळेत कुणी हसलं तर ही त्याच्या अंगावर धावून जायची. ती पोर कुठे गेली कोण जाणे.

“पूस तो हात,” मी चित्रवालीला म्हटलं.

“मावशी, संध्याकाळी उद्घाटन आहे. आता वरच्यांची परवानगी लागेल.”

“तोडताना कुणाची घेतली होती?”

लेकीने माझा दंड धरला. “आई, तमाशा नको, चल घरी.”

मी तिचा हात झिडकारला. चित्रातला तो पंजा जमिनीलगत होता, जवळजवळ माझ्याएवढा. मी सरळ जाऊन त्याला पाठ टेकून उभी राहिले. रंग अजून ओला होता, पाठीला गार लागला.

तेवढ्यात एक जोडपं मोबाइल घेऊन समोर आलं.

“मावशी, जरा सरकता का? त्यांचा हात दिसत नाहीये.”

“नव्हताच,” मी म्हटलं.