प्रवासाची पँट

“कृपया मेरे घुटनों को स्वतंत्रता दीजिए,” फोनमधली मुलगी म्हणाली.

सुनंदाने आधी फोनकडे पाहिलं, मग फोन धरलेल्या बाईकडे. बाई साठी उलटलेली, उंच, उन्हाने नाक सोललेली. तिने काउंटरवर एक जुनी, विटलेली पँट पसरली होती. पँटीच्या गुडघ्यावर बोटाने टकटक करून ती पुन्हा आपल्या भाषेत बोलली आणि फोनने ते बातम्यांत बोलतात तसल्या हिंदीत सांगितलं. हळूहळू सुनंदाच्या ध्यानात आलं. बाईचं नाव मार्ता, राहणार पोलंडची. एकटीच हिंडत होती. उज्जैनहून ओंकारेश्वर, तिथून दक्षिणेकडे, मग तब्येत नेईल तिथवर. ही पँट तिने व्हिएतनाममधल्या कुणा शिंप्याकडून मुद्दाम बनवून घेतली होती, ती आता आसनात, दोन पायांच्या जोडाशी, फाटली होती. इथल्या बाजारात तिला बायकांच्या पँटी दाखवल्या, तर त्यांचे खिसे नुसते दिसण्यापुरते. तिला कोपरापर्यंत हात जाईल असे खिसे हवे होते. पासपोर्टसाठी आतून चेनचा चोरखिसा हवा होता. जमिनीवर मांडी घालून बसता यायला हवं, घाटावर पाण्यात उतरताना पाय वर दुमडून बटणाने अडकवता यायला हवेत, आणि संध्याकाळी धुतली की सकाळी वाळायला हवी.

सुनंदाने नेहमीचं उत्तर दिलं. पँटचं काम आमचे मिस्टर करतात, अभी उनकी तबियत ठीक नहीं, बाद में आइए.

मागच्या दिवाळीपासून ती सगळ्यांना हेच सांगत होती. देवास गेटजवळच्या त्या गल्लीत प्रभाकर टेलर्स म्हटलं की वकील, प्रोफेसर, बँकेतले साहेब सगळे ओळखत. पँट शिवावी तर प्रभाकरनेच, असं म्हणत. सुनंदाचं काम काज-बटणाचं, हातशिलाईचं, आणि तो टेप धरून आकडे सांगे ते उतरवून घेण्याचं. लग्न होऊन आली तेव्हापासून दोघं त्या दुकानात पाठीला पाठ लावून बसत आली होती. मग दिवाळीच्या ऐन गर्दीत प्रभाकरला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला, आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं.

सुनंदाने दुकान बंद केलं नाही. चेन बदलणं, साडीला फॉल, रेडिमेड कपड्यांची लांबी कमी करणं, एवढं ती करत होती. पँटचं गिऱ्हाईक आलं की सांगायची, संक्रांतीनंतर या. मग होळीनंतर. मग पावसाळा संपू द्या. लोक ऐकून घेत आणि पुढच्या दुकानात जात. ती मात्र रोज सकाळी बेतायचं टेबल पुसून ठेवायची आणि त्याच्या मोठ्या कात्रीला तेल द्यायची. मुलगी अपूर्वा पुण्याहून फोनवर म्हणायची, आई, आता दुकान सोड, दोघं इकडे या. सुनंदा म्हणायची, हे जरा बरे झाले की बघू.

मार्ताने फोनमध्ये काहीतरी विचारलं.

“वे कब स्वस्थ होंगे?” फोन म्हणाला आणि तिच्या उत्तरासाठी थांबला.

आजवर हे असं समोरासमोर कुणी विचारलंच नव्हतं. उज्जैनच्या माणसाला ‘तबियत ठीक नहीं’ एवढ्यात सगळं कळायचं, तो मान हलवायचा आणि विषय बदलायचा. ही बाई मात्र फोन तिच्या तोंडासमोर धरून, भुवया उंचावून, खरोखरीच तारीख ऐकायला उभी होती.

“परसों,” सुनंदाच्या तोंडून निघून गेलं.

मग मागे फिरायची सोय राहिली नाही. तिने मार्ताचं माप घेतलं. समोरच्या दुकानातून दोघींनी कापड निवडलं, शेवाळी रंगाचं, हलकं, सुरकुती न धरणारं. मार्ताने जुनी पँटही ठेवून दिली आणि खुणेने सांगितलं, हवी तर फाडा.

त्या संध्याकाळी सुनंदाने दुकान लवकर बंद केलं. घर मागच्या बोळातच होतं. प्रभाकर खिडकीपाशी पलंगावर बसला होता, दिवसभर बसायचा तसाच. तिने दिवा लावला आणि ती जुनी पँट त्याच्या मांडीवर ठेवली.

त्याने डाव्या हाताने ती चाचपली. पाय उलटा केला, आतली शिवण अंगठ्याने घासून पाहिली, कमरेच्या पट्टीची आतली बाजू उजेडाकडे धरली.  इतक्या महिन्यांत त्याने कुठल्याच गोष्टीकडे असं पाहिलं नव्हतं, दुधावर आलेल्या सायीकडेसुद्धा नाही, जिच्यावर त्याचा एके काळी जीव होता. सुनंदा भराभर सांगत सुटली. कोण बाई, कुठली, तिला काय काय हवंय, चोरखिसा कसा, पाय कसे दुमडायचे. तो ऐकत होता. मधे एकदा म्हणाला, “कळी.”

“तेच म्हणते मी. आसनात कळी टाकावी लागेल ना?”

तिने कापड पलंगावर पसरलं, पट्टी ठेवली आणि खडू त्याच्या डाव्या हातात दिला. त्याने खडू कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला. मग वाकून एक रेघ ओढली. रेघ सरळ निघाली, पण मधेच थरथरली आणि कापडाच्या काठाबाहेर चादरीवर गेली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तळहाताने रेघ पुसली, ती धड पुसली गेली नाही, पांढरा फराटा तेवढा राहिला. मग त्याने खडू खाली ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

“असं नका करू,” सुनंदा म्हणाली. “हात नाही चालत तर नाही. नुसतं बोट दाखवा, मी ओढते रेघा. आसन किती ठेवू, एवढं तरी सांगा.”

तो खिडकीबाहेरच बघत होता.

“मी त्या बाईला जुबान दिली आहे. तुमच्या नावावर दिली आहे.”

त्याने डोळे मिटून घेतले. सुनंदाला राग आला, असा की तिचीच तिला भीती वाटली. तिने कापड गोळा केलं, नीट घडीसुद्धा केली नाही, आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. कणकेवर तिने नको इतका जोर लावला. बाहेरच्या खोलीत तो होता, आत ती होती, आणि घरात कुणीच नसल्यासारखं वाटत होतं. आजारपणातली जागरणं, दवाखान्याच्या चकरा, त्याला आंघोळ घालणं, या सगळ्यात तिला एकटं वाटलं नव्हतं, कारण तो सगळा प्रभाकर बरा होईपर्यंतचा, मधलाच काळ आहे, असं ती धरून चालली होती. तो मधला काळ आता संपला होता. तो चादरीवर गेलेल्या रेघेबरोबर संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मार्ताची जुनी पँट उसवायला घेतली. एकेक शिवण सोडवून तुकडे वेगळे केले, पाणी मारून इस्त्री केली आणि टेबलावर मांडले. त्या परक्या शिंप्याने आसनात कळी म्हणून एक छोटा चौकोन जोडला होता आणि त्याची टोकं हाताने पक्की केली होती. टाके उलट्या बाजूने पडले होते. डावखुरा असणार, किंवा डावखुरी. सुनंदाने त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. कुणीतरी दूर कुठेतरी याच बाईला आपल्यासमोर उभं करून, तिची न समजणारी भाषा ऐकून हे शिवलं होतं.

तिने आधी एका जुन्या चादरीवर बेतून पाहिलं. पहिला पाय वाकडा गेला. दुसऱ्यांदा बरा जमला. प्रभाकर कापताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, ‘मागचा भाग पुढच्यापेक्षा सैल, माणूस बसतो मागच्या भागावर’, ते तिला तिची पाठ त्याच्याकडे असतानाच पाठ झालं होतं. तरी शेवाळी कापडात कात्री घालण्याआधी तिने खडूच्या रेघा पुन्हा एकदा टेपने मोजल्या. प्रभाकरची कात्री तिच्या हाताला जड होती, अंगठ्याचं भोक मोठं. पहिल्या कापानंतर ती थांबली. दाराकडे पाहिलं. कुणी आलं नव्हतं. मग तिने पुढे कापलं.

चोरखिशासाठी तिने भैरवगढच्या एका जुन्या पलंगपोसाचा तुकडा घेतला, लाल जमिनीवर काळी वेलबुट्टी. आत कोण बघणार, पण असू दे.

मार्ता ठरल्या दिवशी आली. पडद्यामागे जाऊन पँट चढवून बाहेर आली आणि दुकानाच्या फरशीवर सरळ मांडी घालून बसली. उठली, उकिडवी बसली, दुकानाच्या पायऱ्या चढली-उतरली. गल्लीतले दोघे-तिघे थांबून बघायला लागले. डाव्या पायाला किंचित पीळ पडत होता. सुनंदाने तो तिथेच उसवून, खाली बसून, तिच्या अंगावरच टाचण्या लावून बसवला आणि लगेच हाताने टाके घातले. मार्ताने चोरखिसा उलटा करून पाहिला, वेलबुट्टी दिसली तशी ती हसली आणि खिसा तसाच बाहेर लोंबकळत ठेवून आरशासमोर उभी राहिली.

मग तिने फोन काढला आणि विचारलं. फोन म्हणाला, “क्या आपके पति स्वस्थ होकर लौट आए? मैं उनका धन्यवाद करना चाहती हूँ।”

सुनंदा टाचण्या डबीत भरत होती. हो म्हणाली असती तर भागलं असतं. बाई उद्या ओंकारेश्वरला जाणार, पुन्हा कधी भेटायची नाही. पण कदाचित म्हणूनच तिने फोनकडे झुकून सांगितलं, “वो अब नहीं आएँगे। पैंट मैंने बनाई है।”

फोनने ते मार्ताच्या भाषेत सांगितलं, त्याच प्रसन्न, तरुण आवाजात. अपूर्वाला जे सांगितलं नव्हतं, शेजारणीला नाही, देवालासुद्धा नाही, ते त्या आवाजात किती साधं वाटलं.  मार्ताने फोन बंद केला आणि सुनंदाच्या शेजारी, बाकावर जागा असताना, खाली फरशीवर बसली.

सुनंदाने समोरच्या टपरीवाल्याला दोन चहाची खूण केली. दोघींनी तिथेच फरशीवर बसून चहा घेतला. रस्त्यावरून नानाखेड्याची बस गेली. मग सुनंदाने सोप्या हिंदीत आणि हातांच्या खुणांनी विचारलं, अशी एकटी फिरतेस, भीती नाही वाटत? मार्ताला कळलं. तिने बोटाने सूर्य वर दाखवला आणि मान हलवून नाही म्हणाली. मग हात हळूहळू खाली आणला, सूर्य बुडतो तसा, आणि अंगठा व बोट जवळ धरून दाखवलं, थोडीशी.

“हां,” सुनंदा म्हणाली. “उसी टाइम.”

जाताना मार्ताने दोन्ही हातांत तिचे हात धरले. हातावर सुईचे घट्टे होते, ते तिने अंगठ्याने दाबून पाहिले, आणि गेली. गल्लीच्या तोंडाशी गर्दीत तिची शेवाळी पँट थोडा वेळ दिसत राहिली. डावा पाय सरळ पडत होता.

त्या दिवशी घरी गेल्यावर सुनंदाने प्रभाकरला जेवायला वाढलं. घास भरवता भरवता सगळं सांगितलं. पीळ कसा पडला, कसा काढला. मग म्हणाली, “तिने तुमचं विचारलं. मी सांगून टाकलं, आता येणार नाहीत म्हणून.”

घास तोंडाशीच थांबला.  त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, आजकाल ते कशानेही यायचं, त्यामुळे कशाने आलं ते तिला ठरवता येईना. तिने पदराने पुसलं.

“खिसा?” तो म्हणाला.

“खोल दिला. कोपरापर्यंत जातो हात.”

त्याने मान हलवली आणि घास घेतला.

पुढच्या आठवड्यात तिने दोन पँटींची कामं घेतली. एक जुन्या वकिलांचं, ते आधी जरा घुटमळले, मग माप द्यायला उभे राहिले. उरलेलं शेवाळी कापड तसंच कपाटात होतं, थोडं आणखी घेतलं तर एका माणसाला पुरलं असतं. रविवारी सकाळी प्रभाकरची आंघोळ झाल्यावर ती टेप घेऊन त्याच्यासमोर आली.

“रोज पायजमा नको आता,” ती म्हणाली. “कमरेला इलास्टिक घालते, म्हणजे डाव्या हाताने ओढता येईल. खिसा डावीकडेच ठेवते.”

“नको,” तो म्हणाला.

ती टेप धरून तशीच उभी राहिली. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. थोड्या वेळाने त्याने खिडकीचा गज धरला आणि ओढत ओढत उठून उभा राहिला.

सुनंदाने त्याचं माप कधीच घेतलं नव्हतं, स्वतःचे कपडे तो स्वतःच बेतायचा. तिने टेप त्याच्या पाठीमागून फिरवून पुढे आणला. टेप टेकताच त्याने पोट आत ओढलं आणि छाती ताणली. सगळी गिऱ्हाईकं असंच करायची, आणि तो सगळ्यांवर वैतागायचा.

“श्वास सोडा,” सुनंदा हळूच म्हणाली.

त्याने श्वास सोडला. टेप तरीही ढिलाच होता. तिने तो आणखी आत घेतला, आणखी थोडा, आणि दोन बोटं आत ठेवून तिथे धरला.