माझं माप बरोबर होतं

मी एक जुना चमचा आहे. जेवणाचा नव्हे, मापाचा. पांढरं प्लास्टिक, आखूड दांडा आणि वाटीसारखं खोल पोट. दांड्यावरचे आकडे आता पुसट झालेत, पण मित्रांनो, माझं पोट जन्मल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच आजही आहे. याचा मला थोडा गर्व आहे, तो आधीच सांगून टाकलेला बरा.

कारखान्यात साच्यातून निघालो आणि थेट प्रोटीन पावडरच्या एका भल्यामोठ्या डब्यात पडलो. आम्हा चमच्यांची एक खोड आहे. वाटेत डबा हलला, आपटला, की आम्ही पावडरीत बुडून तळाशी जाऊन बसतो. माणसं झाकण उघडतात, वर चमचा दिसला नाही की कंपनीच्या नावाने खडे फोडतात. आम्ही आत असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला ज्याने विकत आणलं तो दादा. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि संध्याकाळी वजनं उचलायचा. त्याने कोपरापर्यंत हात घालून मला शोधून काढलं, शिंकला, आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर पावडरीचा डोंगर रचला. डब्यावर सपाट एक चमचा लिहिलं होतं, हा शिगोशिग दोन घ्यायचा. वर रात्रीचं जेवण बंद. दिवसभर लिफ्टमध्ये 'इतक्याच माणसांनी चढावे' ही पाटी वाचणारा माणूस, पण स्वतःच्या डब्यावरची ओळ काही वाचेना. दंड फुगायचे राहिले आणि पोट तेवढं फुगलं. आईने ताट वाढून समोर ठेवलं आणि सांगितलं, "पावडर घे नाहीतर नको घेऊस, पण हे आधी संपव." तेव्हा कुठे स्वारी ताळ्यावर आली.

डबा संपला. त्यात दादाने खिळे आणि स्क्रू भरले. मला आईने धुऊन स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं, कारण त्या घरात कुठलीच गोष्ट टाकून द्यायची पद्धत नव्हती. ती मला मापटं म्हणू लागली. माणशी एक मापटं तांदूळ. भात कधी कमी पडला नाही, कधी उरला नाही. ते माझे चांगले दिवस होते.

आता धाकटीकडे येतो. धाकटी म्हणजे दादाची बहीण. ती चारशे मीटर पळायची. आदल्या वर्षी संघातली जागा तिच्या हातून अगदी थोडक्यात निसटली होती आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. या खेपेला निवड झाली नाही, तर त्या संघाचं दार कायमचं बंद. पोरगी झोपेतही पाय हलवायची, असं आई शेजारणीला सांगत होती.

निवडीच्या आदल्या दिवशी मैदानावरच्या एका मैत्रिणीने तिला एक छोटा, न उघडलेला डबा दिला. पळण्याआधी घ्यायची, तरतरी आणणारी पावडर. कॉफीत असतं ते कॅफीन त्यात ठासून भरलेलं. मैत्रिणीला ती मानवली होती, म्हणजे आपल्यालाही मानवेल, असं धाकटीने गृहीत धरलं. मॅडमना, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांना, विचारलं नाही. आधी एखाद्या सरावाच्या दिवशी घेऊन पाहिली नाही. सकाळी झाकण उघडलं, डब्यावरची ओळ नीट वाचली: एक चमचा पाण्यात. वर चमचा दिसेना. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खिळ्यावरून मला काढून पिशवीत टाकलं.

पिशवीत त्या डब्याला टेकून मी बसलो होतो. आतून काहीतरी बारीक खुळखुळत होतं. मी ओळखलं. पण चमच्याचं कोण ऐकतं?

मैदानाच्या कडेला, रिकाम्या पोटी, तिने मला काठोकाठ भरलं, वरून बोटाने सपाट केलं आणि बाटलीत ओतलं. दादासारखी शीग नाही, काही नाही. अगदी शहाण्यासारखं.

अंग गरम करायला ती धावू लागली आणि थोड्याच वेळात थांबली. हात थरथरू लागले. ओठ पांढरे पडले. छातीवर हात दाबून ती गवतात बसली आणि तिला उलटी झाली. मॅडम धावत आल्या. तिच्या मनगटावर बोटं ठेवताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय घेतलंस?"

"एकच चमचा. डब्यावर लिहिलंय तेवढाच."

मॅडमनी डबा वाचला. मग मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हा याच डब्यातला आहे का गं?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली, "हा आमचा तांदळाचा."

मॅडमनी तिला तशीच दवाखान्यात नेली. तिथे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. छातीचे ठोके संध्याकाळी हळूहळू जागेवर आले. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आणलंत. तिकडे निवड होऊन गेली होती. धाकटी भिंतीकडे तोंड करून रडली आणि आईने तिला रडू दिलं.

घरी आल्यावर आईने तो डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. तळातून एक इवलासा चमचा बाहेर पडला. तो भरभरून तिने माझ्यात पावडर ओतली. पाच वेळा ओतली, तेव्हा मी भरलो. दादाने गुपचूप पावडर गोळा केली आणि कचऱ्यात टाकली.

मित्रांनो, मी मापात कधी चुकलो नाही. त्या दिवशीही माझं माप बरोबरच होतं, पण ते दुसऱ्या डब्याचं होतं. म्हणून म्हातारपणी एवढंच मागतो. ज्याचा चमचा त्याच डब्यात राहू द्या. नवीन काही घ्यायचं असेल तर आधी जाणत्या माणसाला विचारा, आणि ज्या दिवशी सगळं पणाला लागलेलं असेल त्या दिवशी तर मुळीच घेऊ नका.

धाकटी आता मोठ्यांच्या गटात पळते. पळण्याआधी घरचं खाते, पाणी पिते. संघात अजून आलेली नाही.

परवा दादाने बऱ्याच दिवसांनी एक डबा आणला. झाकण उघडलं, वर चमचा नव्हता. सवयीने त्याचा हात माझ्या खिळ्याकडे आला. धाकटी बुटांच्या नाड्या बांधत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "दादा, आधी तळ बघ."

दादाचा हात परत गेला. मी खिळ्यावरच राहिलो, आणि आपल्याला कुणी उचललं नाही याचा आयुष्यात पहिल्यांदा मला आनंद झाला.