उभे राहिलेले देव

मी गव्हाणची धवलारीण. लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलवायचं आणि पुढच्या कडव्यात पाट मांडून बसवायचं, हे माझं काम.

२०१२ च्या उन्हाळ्यात माझी नात रिया मला पनवेलला तिच्या फ्लॅटवर घेऊन गेली. ती कॉम्प्युटरवर जाहिरातींचं संगीत करते. एका बिल्डरच्या जाहिरातीसाठी तिनं माझा धवला रेकॉर्ड केला. मी सगळा गायले.

दोन दिवसांनी तिनं ऐकवलं. खाली कसलासा ठेका, वर माझा आवाज, ‘या रे देवांनो, मांडवी या.’ परत तेच. चार वेळा. मग बिल्डरचं नाव.

“बसवलंस कुटं?” मी विचारलं.

“कोणाला?”

“देवांना गो! चार वेला बोलावतेस, पाट एक पन नाय.”

“आजी, तीसच सेकंद आहेत. त्यात फोन नंबर पण सांगायचाय.”

“मंग देवांना तो नंबर दे. तेच फोन करतील.”

ती खो खो हसली. पण क्लायंटनं हेच पास केलं होतं, आणि तिची ही पहिलीच मोठी जाहिरात. मी गव्हाणला घरी परत आले.

जाहिरात केबलवर सुरू झाली. दिवसातून किती वेळा लागायची कोण जाणे. हाक आली की मी हातातला बोंबील खाली ठेवून बसवायचं कडवं म्हणायची. दुपारची झोप गेली. आमचा टीव्ही बंद ठेवला, तर शेजारच्या गंगाबाईचा मोठ्यानं चालू. अंघोळीतसुद्धा कान तिकडेच.

रविवारी रिया जेवायला आली. पहिला घास तोंडात घातला आणि गंगाबाईच्या टीव्हीवरून हाक आली. म्हणायला गेले तर ठसकाच लागला. मी रियाला हातानं खूण केली, तू म्हण.

तिनं सुरू केलं आणि दोन शब्दांवर अडली. जाहिरात संपली, सिरियलचं भांडण ऐकू यायला लागलं.

“आजी, पुढचं येत नाही मला. मी ते... कापलं होतं.” तिचा चेहरा उतरला. “आता?”

“आता काय, उभे हायेत ते.” मी पाणी प्याले. “म्हन माज्यामागं.”

उष्ट्या हातानं ती म्हणू लागली. कडवं निम्म्यावर आलं, तोच भिंतीपलीकडून परत माझाच आवाज आला, या रे देवांनो.

“आजी, आधीचेच बसले नाहीत अजून!”

“तू त्यांना बसव,” मी म्हणाले, “मी यांना घेते.”