सोप्या अक्षरांचं वाक्य

गिऱ्हाइकाची दाढी करता करता साऱ्या जगाच्या पंचायती करणारा न्हावी त्या सकाळी दवाखान्याच्या बाकावर तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. शेजारी त्याची सहा वर्षांची लेक, मैना. हे लाडाचं नाव त्यानंच ठेवलेलं. तिच्या दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन नीट झालं होतं. पण प, ब, ट, क म्हणायला गेली की हवा अजून नाकातून निसटायची आणि शब्दाचं मातेरं व्हायचं. वर्गातली पोरं हसली, तेव्हापासून ती हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

घरात-दुकानात मात्र कुणी “पोरीला बोलता येत नाही” म्हणायची सोय नव्हती. एका गिऱ्हाइकाला तर त्यानं त्यापायी अर्ध्या दाढीवर उठवलं होतं.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम गावात नव्हत्याच. सोमवारच्या सोमवारी बाहेरून यायच्या. नंबर लागावा म्हणून न्हाव्यानं दवाखान्याचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे आज बोलावणं आलं. आणि या शहाण्यानं काय करावं? पोरीला दुकानातल्या उंच खुर्चीवर बसवून एक वाक्य घोटून घेतलं. तिला जमणारी अक्षरं वेचून रचलेलं: मनीमाऊनं लाल माळ नेली. पोर चांगली बोलली तर मॅडमना शिकवायला हुरूप येईल, असा त्याचा हिशेब.

तेवढ्यात नर्सबाई बाहेर आल्या. “जागा एकच आहे बरं का. ज्याचं बोलणं जास्त अडतंय, त्याला आधी. बऱ्यापैकी बोलणाऱ्यांचं पुढच्या वर्षी बघू.”

न्हाव्यानं मैनेकडे पाहिलं. आता पोरीला काय सांगायचं? वाईट बोल म्हणून? ती मान खाली घालून, ओठ हलवत वाक्याची उजळणी करत होती. मग हाक आलीच.

“नाव काय गं तुझं?” मॅडमनी विचारलं.

“मैना.”

“काहीतरी बोलून दाखव बघू.”

“मनीमाऊनं लाल माळ नेली.” कुठे अडखळणं नाही, काही नाही.

“अरे वा! छान बोलतेस की.” मॅडमनी खण उघडून आत हात घातला.

झालं. बुडालं वर्ष.

“नाही हो मॅडम!” न्हावी ओरडलाच. “तिला नाही बोलता येत! एवढंच येतं, मी पाठ करून घेतलंय. बाकी तिचं एक अक्षर कुणाला कळत नाही. विचारा, काहीही विचारा तिला!”

मॅडम चमकल्या. त्यांच्या हातात खणातून काढलेला एक छोटा आरसा होता. “अहो, थांबा की. अजून तपासलंय कुठे मी? पोरांची भीती जावी म्हणून छान म्हणतो आम्ही.”

त्यांनी आरसा मैनेच्या नाकाखाली धरला. “म्हण, पपई.”

मैनेनं अगदी हळू म्हटलं. आरशावर वाफ धरली.

“हवा नाकातून जातेय. हिला शिकवायलाच हवं. पुढच्या सोमवारपासून आणा.”

जागा मिळाली होती. न्हाव्याला हायसं वाटलं, अगदी डोळे भरून आले. त्यानं हसत मैनेकडे पाहिलं. ती खाली मान घालून फ्रॉकच्या टोकानं तो आरसा पुसत होती.

“येशील ना गं सोमवारी?” मॅडमनी विचारलं.

मैनेनं बापाकडे न बघता नुसता हात वर केला.