यशूचा पांगुळगाडा

मला तीन चाकं आहेत, पण स्वतःहून मी आजवर वीतभरही पुढे गेलो नाही. इवल्या हातांनी मला ढकलावं लागतं, तेव्हा मी चालतो. मित्रांनो, मी एक जुना पांगुळगाडा आहे.

शेलूबाजारच्या गणेश मिस्त्रींनी एका दाराच्या उरलेल्या सागवानी फळ्यांतून मला घडवलं. हाताला कुसळ लागू नये म्हणून त्यांनी माझा दांडा तीनदा घासला. मग जवळच्या गावचे जानराव आजोबा मला घ्यायला आले. मुलाच्या, सतीशच्या, मोटरसायकलवर मागे बसून त्यांनी मला घरापर्यंत मांडीवर धरून नेलं. त्या घरात सतीशची दहा महिन्यांची मुलगी यशोधरा होती. सगळे तिला यशू म्हणायचे.

तिने पहिल्यांदा माझा दांडा धरला, तेव्हा तिचे तळवे भाताने चिकट झाले होते. तिची आई रूपा अंगणवाडीत सेविका होती. ती कामावरून आली की यशू मला ढकलत दारापर्यंत जायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, "गाडा मोठा गुणाचा आहे." ते माझे सुखाचे दिवस होते.

पण पुढे एक गोष्ट घडू लागली. यशू मला घेऊन निघाली की माझं डावं चाक कधी चौकटीला, कधी पाण्याच्या माठाला धडकायचं. यशू पडायची, रडायची. जानराव आजोबा मला उलटा करून पाहायचे.

"गाडाच वाकडा दिसते," ते म्हणाले आणि मला पुन्हा मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी रंधा मारून चाक सारखं केलं, नवा खिळा ठोकला. घरी आल्यावर मी पुन्हा माठाला धडकलो. आजोबांनी रागाने मला गोठ्यात गुरांच्या कुटाराच्या पोत्यांमागे टाकलं.

आठवडाभर मी तिथे पडून होतो. एके सकाळी रूपाने मला बाहेर काढलं. अंगण झाडून मोकळं केलं आणि एका बोटाने मला हळूच ढकललं. मी सरळ गेलो. तिने तीनदा ढकललं, तीनदा मी सरळच गेलो.

"आबा," ती म्हणाली, "गाडा सरळ जाते. पोरगीच डाव्या बाजूनं पाहत नाही."

तिने यशूला मांडीवर घेतलं आणि पदराने तिचा उजवा डोळा झाकला. खेळणारी यशू एकदम थांबली आणि हात पुढे करून आईला चाचपू लागली. रूपाने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक होती.

त्याच दिवशी सतीश आणि रूपा तिला घेऊन वाशीमला गेले. तिथल्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. डोळ्याचा कॅन्सर होता. डोळा काढावा लागेल, मग काही महिने औषधं चालतील, आता आलात म्हणून लेकरू वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. हे सारं सतीशने आजोबांना फोनवर सांगितलं. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने दवाखान्याजवळच्या आपल्या घरात त्यांना खोली दिली.

इकडे घरात आजोबा आणि मी, असे दोघंच उरलो. शेत पाहायला कुणीतरी हवं होतं. ते एकट्यापुरती भाकर करायचे आणि अर्धी ठेवून द्यायचे. संध्याकाळी मला जवळ ओढून माझ्या चाकावर हात ठेवून बसायचे.

"चाक रंधून आणलं मी," एकदा ते म्हणाले. "पोरीचा डोळा नाही पाह्यला."

सात महिन्यांनी यशू घरी आली. ती स्वतःच्या पायांनी मोटरसायकलवरून उतरली आणि माझ्यासमोरून चालत आत गेली. नागपूरच्या त्या घराच्या ओसरीत कुणा परक्या बाईचं बोट धरून ती चालायला शिकली होती. मित्रांनो, मला आनंद झाला, खरंच झाला. पण तिला आता माझी गरज उरली नव्हती. सतीशने मला भिंतीवरच्या खुंटीला टांगलं, आणि मी तिथेच राहिलो.

नागपूरचं ते घर मात्र कुणीच विसरलं नाही. तूर निघाली की आजोबा डाळीचं पोतं तिकडे न्यायचे. गावातल्या बाया गोधड्या शिवून द्यायच्या. लसीकरणाच्या दिवशी रूपा प्रत्येक आईला लेकराच्या डोळ्यांत पाहायला शिकवायची. यशू पाच वर्षांची झाली, तेव्हा एकदा जीप भरताना तिने मला खाली काढायला लावलं.

"ते राहू दे ना, यशू," रूपा म्हणाली.

"मी त आता पळतो," यशू म्हणाली. "तिथच्या लेकराइले देऊ."

तेव्हापासून मी नागपूरच्या त्या ओसरीत आहे. मुलं येतात, काही महिने राहतात, जातात. कुणी चालत घरी जातं. कुणाचं काय झालं, ते मला कळत नाही. दुपारी आया दवाखान्याच्या रांगेत असतात आणि ओसरी ओस पडते. मदत देणारी भली माणसं येतात, सामान ठेवतात आणि घाईने परततात.

गेल्या हिवाळ्यात तीन वर्षांची राखी इथे होती. औषधांनी तिचे पाय इतके खचले होते की ती चालणंच विसरली होती. आई साधना रिपोर्ट आणायला गेली होती. त्या दुपारी जानराव आजोबा डाळ घेऊन आले. पोतं ठेवून ते निघाले नाहीत, राखीजवळ फरशीवर बसले. मला तिच्यापुढे ठेवलं. तिने तोंड फिरवलं. त्यांनी आग्रह केला नाही, संत्रं सोलत बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने माझा दांडा धरला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आजोबांचे हात तिच्या पाठीमागे, पण न टेकलेले.

साधना परतली तेव्हा राखी झोपली होती.

"पाच पावलं टाकली तुह्या पोरीनं," आजोबा म्हणाले.

"तुमी पाह्यलं?"

"पाह्यलं. एक एक पाह्यलं."

साधना भिंतीला टेकून खाली बसली. "परत सांगा न, बाबा."

आजोबांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोणता पाय आधी टाकला, ओठ कसे घट्ट मिटले होते, ते सुद्धा. मग ते एस.टी.साठी निघून गेले आणि ओसरी पुन्हा शांत झाली.

मित्रांनो, लेकरू सारखं पडत असेल तर गाड्याला दोष देण्याआधी लेकराकडे पाहा. आणि तुमच्याजवळ एखादी मोकळी दुपार असेल, तर ती अशा घरात घालवा. येताना काही आणलं नाही तरी चालेल. मुलं इथे रोज थोडंथोडं चालतात. ते कुणीतरी पाहायला हवं आणि त्यांच्या आईला सांगायला हवं. पाहतो तर मीही, पण मला बोलता येत नाही.