साखर बरोबर होती

माझी धाकटी बहीण कारखान्यात लेथ चालवते. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात, पण पोलाद कापताना तिचा हात हलत नाही. शाळेत असतानाच तिला टाइप वन मधुमेह झाला. आई इंजेक्शन द्यायला घाबरायची, म्हणून ती स्वतःच टोचून घ्यायला शिकली.

तिला दिवस गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी थायरॉइडही तपासायला लावलं. हा मधुमेह असला की शरीर गळ्यातल्या त्या ग्रंथीवरही उलटू शकतं, असं त्यांनी समजावलं. पहारेकऱ्याने घरच्यांनाच चोर समजावं तसं. रिपोर्टमध्ये नेमकं तेच निघालं. सुरुवातीला बाळाची सगळी भिस्त आईच्या थायरॉइडवर, म्हणून रोज उपाशीपोटी गोळी सुरू झाली.

आत्या हळहळली, "एकेकीचं नशीबच फुटकं."

"नशीब नाही गं आत्या, थायरॉइड आहे," चिमणी म्हणाली. "नशिबावर गोळी मिळत नाही."

बोटं टोचून टोचून त्यांची चाळण झाली, पण मुलगी झाली ती ठणठणीत. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे.

बाळ मान धरायला लागलं आणि चिमणीचे हात थरथरू लागले. छाती धडधडायची, भावोजींवर उगाच खेकसायची. साखर उतरली असेल म्हणून आईने सरबत आणलं. चिमणीने ग्लास बाजूला ठेवून बोट टोचलं. साखर बरोबर होती. मग आई म्हणाली, जागरणं होतात, बाळंतिणीचं असंच असतं. चिमणीने ऐकून घेतलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"ताई, बाळाला घे, दवाखान्यात जाऊ. साखरेची थरथर मी ओळखते. ही ती नव्हे."

खरंच नव्हती. बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येऊन त्यातलं हार्मोन नको तेवढं रक्तात उतरत होतं. डॉक्टरबाईंनी आधीची गोळी थांबवली, धडधडीवर दुसरी दिली. पुढे ग्रंथी थंडावली की पहिली पुन्हा लागेल म्हणाल्या. तसंच झालं, आणि चिमणी सावरली.

परवा डॉक्टरबाईंनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. हेच दोन्ही आजार असलेली एक गर्भार मुलगी रडून रडून बेजार झाली होती. चिमणी तिच्याशी बराच वेळ बोलत बसली. मी भाचीला घेऊन बाहेर बाकावर होते. आतून त्या मुलीचं हसू ऐकू आलं.

"आत बोलतायत त्या नव्या डॉक्टर का?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"नाही," मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "ती माझी बहीण."