सरकलेला धुरा

गुणवंतराव पाटलांना एकच व्यसन होतं. दर आखाडात नांगरताना उत्तरेकडच्या शेजारी नानाजीच्या धुऱ्याचा, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचा, एक घास घ्यायचा. कोरता कोरता पाटलांची बांधी, धानाचं शेत, उत्तरेला चांगली फुगली होती. पण यंदा नानाजीनं पंच बोलावले. पाटलांनी कोरलेली पट्टी तर जाणारच, वर गावासमोर चोर ठरायची पाळी.

देव पावला तो नागपूरच्या प्रोफेसराच्या रूपानं. हे साहेब टेकडीवरच्या काळ्या खडकावर उत्तरेचा बाण काढून तुकडे कापून नेत. मुक्काम पाटलांकडे. जेवताना ते रंगात येऊन सांगत, "हा दगड तापलेल्या रसातून थिजला, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकाची दिशा त्याच्या पोटात गोठली. ती वाचली की कळतं, आपला अख्खा मुलूख दक्षिणेकडून उत्तरेला सरकत आलाय. अजून सरकतोय."

पाटलांचा घास हातातच राहिला. "उत्तरेलेच ना, साहेब? पंचाईसमोर सांगान का?"

साहेबांनी सांगितलं, आणि खरं तेच सांगितलं. खऱ्या माणसाचा जेवढा उपयोग होतो, तेवढा लबाडाचा होत नाही. जमीन किती सरकते असं कुणी विचारलं असतं, तर 'वर्षाला बोटभर' हेही ते बोलले असते. पण शिकलेल्या माणसाला उलटा प्रश्न करायची आपल्याकडे रीत नाही.

"जमीनच सरकली, त्याले पाटील काय करन?" पंच म्हणाले.

तेवढ्यात सुगंधाबाई उठली. पाटलांच्या दक्षिणेला लागून हिची बांधी. "पंचहो, मंग माही जमीन का एका जागी बसून राह्यली? थे बी उत्तरेले सरकली, पाटलाच्या बांधीत गेली. उद्या तिथी माहा नांगर चालन."

न्याय सगळ्यांना सारखा, असं पंचांना म्हणावंच लागलं. पाटलांच्या त्या अंगाला खतावलेली काळीभोर माती होती, धानाच्या रोपांचे हिरवेगार पऱ्हे उभे होते. त्यांचा जीव तीळतीळ तुटला. अब्रू गेली चुलीत! ते ओरडले, "जमीन नाई सरकली गा! मीच धुरा कोरला! दरसाल कोरला!"

प्रोफेसर दुखावले. "असं कसं, पाटील? सरकलीच आहे. दगडाचा पुरावा आहे माझ्याकडे."

सुगंधाबाईनं पदर खोचला. "भाऊ, एवढा शिकला-सवरला माणूस सांगून राह्यला. त्याच्यापुढं तुमचं कोण आयकते?"

पंच नवा धुरा आखायला दक्षिणेकडं निघालेसुद्धा.